बंबाची घंटा

दुष्काळात नगरपालिकेचा आगीचा बंब गल्लोगल्ली पाणी वाटत फिरायचा. अध्यक्ष आबासाहेबांचं डोकं! घंटा वाजली की बायकांनी हंडे घेऊन यायचं, असा त्यांचा हुकूम. मी बंबावरचा फायरमन. म्हणालो, "साहेब, आगीची घंटा वेगळी ठेवा." तर चारचौघांत हसले. "तू लेखक माणूस, तुला काहीही सुचतं." माझ्या गोष्टी दिवाळी अंकात यायच्या, त्यावरून हा टोमणा.

चैत्रात कर्जत रस्त्याच्या वस्तीत आग लागली. आम्ही घंटा बडवत वळणापाशी पोचलो, तोच बायका हंडे घेऊन बंबावर तुटून पडल्या. त्यांनीच बंबाचा नळ सोडला. आम्ही "आग, आग!" म्हणून बोंबलतोय, पण ऐकतंय कोण? बंब पुढे काढेपर्यंत टाकी तळाला गेली. वस्तीतल्या रंगूबाईची सून मनकर्णा घरात जळून मेली.

त्यावर मी पुस्तक लिहिलं. घंटेची अक्कल कोणाची, ते नावासकट छापलं. पुण्यात पुस्तक गाजलं आणि चौकशी लागली. आबासाहेबांनी मला बोलावून घेतलं. "बायकांनी बंब लुटला, असं लिहून दे. नाहीतर वर्दी काढून ठेव." मी त्यांच्या टेबलावर टोपी आपटली आणि चालता झालो. त्या माणसाची मला आजही चीड येते.

त्यांनी डाव साधला. फायरमनने तुम्हाला खुनी ठरवलंय, असं वस्तीत पसरवलं. मी पुस्तक घेऊन गेलो तर दारं धडाधड लागली. एकीने अंगावर राख फेकली. रंगूबाई तेवढी उंबऱ्यात बसून होती.

"वाच," ती म्हणाली.

मी सगळं वाचून दाखवलं.

"आबासाहेबाचं लिवलंस. पन पयला हंडा कोनी लावला, ते का न्हाई लिवलं?"

ते मी पाहिलं होतं. मुद्दाम गाळलं होतं.

"मावशी, ते छापलं तर आबासाहेब सुटतील."

"सुटू दे न्हाई तर मरू दे! खडी फोडून येत हुते मी. माजंच घर जळतंय, मला काय ठावं? तुजी दया तुज्यापाशी ठेव. माजं नाव घाल."

तिने पुस्तक माझ्या हातातून ओढलं आणि रस्त्यावर भिरकावलं.

"निम्मंच लिवायचं हुतं, तर कशाला लिवलंस रं?"