दोन नावांची पाटी

वैशाखातल्या दुपारी कूलरच्या ताट्यांतून ओल्या वाळ्याचा गंध घरभर पसरे आणि त्या गार काळोखात चरख्याची मंद, अखंड घरघर चाललेली असे. त्या घरघरीच्या मध्यभागी आजी बसलेली असायची. उजवा हात चाक फिरवी आणि डाव्या हाताच्या दोन बोटांतून टसरचा फिकट सोनेरी रेशमी धागा सरसरत विणकामाच्या कांडीवर उतरे. आजोबा गेल्यावर घरातला हातमाग निघाला होता, तरी नागपुरातल्या आमच्या वस्तीत जे दोन-चार विणकर उरले होते, त्यांच्यासाठी ती कांड्या भरून देई. बोटं गुंतलेली असली की ढळलेला पदर ती मनगटानं सावरी. भर उन्हाळ्यात सायली उमलावी तशी शांत होती ती हालचाल. ती फार कमी बोलायची, आणि तिच्या त्या न बोलण्यालाच आम्ही तिचा स्वभाव समजलो.

मार्गशीर्षात ती गेली. वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा बाबा म्हणाले, फोटो मोठा करून लावू. पण आजीचे सारे फोटो लग्नसमारंभातल्या कोपऱ्यातले, अर्धा चेहरा दुसऱ्या कोणाच्या तरी खांद्याआड. मी शाळेत चित्रकला शिकवते. लाकूड माझं ऐकतं याबद्दल मला कधीच शंका नव्हती. तिच्या नावाची पाटी मी स्वतः कोरीन, असं मी सांगून टाकलं. सागाची हातभर लांब फळी निवडली, पटाशांना धार लावून घेतली आणि खालच्या अंगाला ठसठशीत अक्षरांत ‘अन्नपूर्णा’ कोरलं. वरची जागा पारिजातकाच्या फांदीसाठी राखली. कडेनं मात्र करवती काठ हवा होता, करवतीच्या दात्यांसारखी टोकं असलेला, जसा आमच्या घरी विणला जाई, अगदी तसाच.

तसा काठ आजीच्या माहेरीही विणत; तो नेमका उतरवून घ्यायला मी उमरेडला गेले, आजीच्या धाकट्या भावाकडे. मामाआजोबांनी ऐंशी ओलांडली आहे. त्यांनी स्वतः विणलेलं एक जुनं लुगडं ट्रंकेतून काढून उन्हात पसरलं, आणि काठाचा एकेक दाता मी कागदावर उतरवत असताना त्यांनी सहज विचारलं, पाटीवर काय लिहिलंस. मी नाव सांगितलं. ते बराच वेळ लुगड्यावरून हात फिरवत राहिले.

“थे तुमच्या घरचं नाव,” ते म्हणाले. “आमची तं केशर होती वं.”

लग्नात ताटलीतल्या तांदळांवर अंगठीनं नवं नाव लिहिलं गेलं, तेव्हा आजी चौदा वर्षांची होती आणि मामाआजोबा सहा. दुसऱ्या दिवशी त्यांनी नेहमीसारखी ‘केशरताई’ अशी हाक मारली, तर मोठ्यांनी त्यांना दटावलं, की आता असं म्हणायचं नाही.

“मंग तुम्ही काय म्हणत होते?” मी विचारलं.

“ताई. नुसतं ताई. सारा जनम.”

परतताना बसच्या खिडकीतून कापसाची शेतं मागे सरत होती, आणि फळीवरची रिकामी जागा कशी भरायची हे माझं ठरून गेलं होतं.

बाबांना ते रुचलं नाही. रेशनकार्डावर, बँकेच्या पासबुकात, वस्तीतल्या प्रत्येकाच्या तोंडी ती अन्नपूर्णा होती. साठ वर्षांच्या मुलाला आईचं दुसरं नाव ऐकून कसंतरीच झालं.

“ह्या केशरले मी ओळखतच नाही,” ते म्हणाले. “माह्या मायले दुसरीच बाई काहून करून राहिली तू?”

मी वाद घातला नाही. खालचं नाव जसंच्या तसं राहील, एवढंच सांगितलं. आणि पुढच्या दोन रविवारी, सकाळचं कोवळं ऊन फळीवर तिरपं उतरलेलं असताना, पारिजातकाच्या जागी मी ‘केशर’ ही तीन अक्षरं कोरली. काठ गर्द लाल रंगवला आणि अक्षरं लाकडाच्याच रंगात ठेवली.

श्राद्धाच्या दिवशी बाबांनी स्वतःच भिंतीत खिळा ठोकला आणि पाटी टांगली. मामाआजोबा आले, काठी टेकवून तिच्यासमोर उभे राहिले. अक्षरांवरून बोट फिरवत त्यांनी हलकेच, जणू अंगणाच्या टोकाशी खेळणाऱ्या कोणाला बोलवावं तसं म्हटलं, “केशरताई.”

पानं वाढून झाली होती, भात निवत चालला होता. बाबांनी मामाआजोबांचा हात धरून त्यांना पाटावर बसवलं, स्वतः शेजारी मांडी घातली आणि खालच्या आवाजात विचारलं,

“मामा, केशर कशी होती?”

मामाआजोबा सांगू लागले. ती झाडावर चढायची, विहिरीत पोहायची, वडिलांशी भांडून एकदा दिवसभर जेवली नव्हती. बाबा ऐकत होते, आणि त्यांच्या पांढऱ्या केसांखालचा चेहरा हळूहळू कोवळा होत गेला. काळ माणसाला नेतो खरा. पण त्या माणसाचं किती आपल्याला भेटायचं राहून गेलं होतं, हे त्याच्या अनुपस्थितीतच कळतं. आजी जाऊन वर्ष झालं होतं, आणि तिची आमची ओळख त्या दुपारी होत होती.