मिसेस क्लेटन

आमच्या मतदारसंघात नोव्हेंबरची निवडणूक हा नुसता सोपस्कार असतो. डेमोक्रॅट निवडून येतो. समोर कधी एखादा हौशी दंतवैद्य उभा राहतो, कधी कुणीच नाही. खरं काय ते मे महिन्यात, मतदार मतं देऊन पक्षाचा उमेदवार निवडतात तेव्हा ठरतं; आणि मे महिन्यात काय ठरायचं, ते पक्षाची सूत्रं हातात असलेले जज नेपियर मार्चमध्येच ठरवून मोकळे होतात.

क्लेटन स्टिडम या जागेवर वीसेक वर्षं होता. १९५३ साली वॉशिंग्टनच्या एका हॉटेलात त्याचं हृदय बंद पडलं. मुलाचं नावही क्लेटनच, पण सगळे त्याला ज्युनियर म्हणत. तो तेव्हा एकवीस वर्षांचा होता, आणि काँग्रेसमध्ये, म्हणजे देशाच्या संसदेत, बसायला पंचवीस पूर्ण लागतात. म्हणून दफनाच्या दुसऱ्या दिवशी जज विधवेकडे, लोरीनकडे गेले.

"खुर्ची थंड पडू द्यायची नाही, लोरीन. पोरगा वयात येईपर्यंत बसायचं. भाषणबिषण काही नको."

"आणि मत द्यायची वेळ आली की?"

"मला फोन करायचा."

मतपत्रिकेवर 'मिसेस क्लेटन स्टिडम' असं छापलं. इकडची रीतच ती. लग्न झालेल्या बाईचं नाव चर्चच्या फलकावर, वर्तमानपत्रात, पाकिटावर नवऱ्याचंच असतं. त्या नावावर ती तीनदा निवडून आली.

पहिल्या वर्षी तिने इमानदारीत फोन केले. दुसऱ्या वर्षी कमी केले. मग सोडूनच दिले. तिच्या कचेरीत खाणकामगारांच्या बायका यायच्या. त्यांचे नवरे चाळिशीतच स्वतःच्या घराच्या पायऱ्या चढेनासे झाले होते. कंपनीचा डॉक्टर त्याला दमा म्हणायचा. लोरीनने टॉलिव्हर गावी छातीच्या रोगाचं सरकारी इस्पितळ बांधायचं विधेयक मांडलं. सरकारी डॉक्टर आला, की कोळशाच्या धुळीचं नाव कागदावर येणार, हे खाणमालकांना लगेच कळलं. विधेयक समितीत अडकलं. समितीचा अध्यक्ष तिला म्हणाला, "पुढच्या खेपेला निवडून या, बाई. पहिलं तेच घेतो."

तिला आणखी एक खेप हवी होती. आणि त्याच हिवाळ्यात ज्युनियरला पंचवीस पूर्ण झाली.

जज जेवायला आले.

"बीन्स झकास झाल्यात," ते म्हणाले. "आता पोराला वाढ. भूक लागलीय त्याला."

"पोराला हात आहेत," लोरीन म्हणाली. "मी उभी राहतेय, जज."

"आई, ती जागा बाबांची आहे," ज्युनियर म्हणाला.

"बाबा गेले. जागा तिथंच आहे."

जजनी तोंड पुसलं आणि टोपी घेतली. खाणमालकांचे पैसे कुणाकडे जाणार, हे त्या दिवशीच ठरलं.

अर्ज भरताना तिच्या कचेरीतली नेल फुगेट म्हणाली, "बाई, मिसेस क्लेटनच राहू दे."

"दोन-दोन क्लेटन छापायचे? लोकांचा गोंधळ उडेल, नेल." मग ती म्हणाली, "आणि तीनदा त्यांच्या नावावर जिंकले. एकदा माझ्या नावावर जिंकू दे की."

अर्जावर तिने लिहिलं: लोरीन स्टिडम.

ती प्रत्येक खोऱ्यात गेली. शाळांत, चर्चच्या तळघरांत, दुकानांच्या ओट्यांवर ती इस्पितळाबद्दल बोलली. स्वतःचं नाव सांगायची गरज तिला कधी वाटली नाही. तिला कोण ओळखत नव्हतं? "मिसेस क्लेटन आल्या," म्हणत लोक उठून खुर्ची द्यायचे.

ज्युनियर फारसा फिरलाच नाही. प्रचाराला जाऊ का, असं त्याने एकदा विचारलं, तेव्हा कोर्टाच्या पायऱ्यांवर, चार माणसांदेखत जज त्याला म्हणाले, "घरी बस, बाळा. तू जितका दिसशील, तितकं लोकांना कळेल की तू वेगळा आहेस."

मे महिन्यात लोरीन दणकून हरली. जिथे तिच्या सभांना जास्तीत जास्त गर्दी झाली होती, तिथे सगळ्यात वाईट.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोऱ्यातल्या एका खाणकामगाराची बायको, वर्डी काउच आली. अंगणाबाहेर ट्रक उभा होता, त्यात तिचा नवरा ऑस्कर बसला होता. वर्डीच्या हातात सफरचंदाचा थरांचा केक होता.

"जिंकलात की हो, मिसेस क्लेटन! आमच्या अख्ख्या खोऱ्यानं तुम्हालाच मत दिलं."

"मी हरले, वर्डी."

"थट्टा करता होय गरिबाची! रेडिओवर सांगितलं ना, क्लेटन स्टिडम म्हणून. आणि ती दुसरी कोण हो, लोरीन का कोण? तुमचं आडनाव लावून उभी राहते, लाज नाही मेलीला! मी तर शेजारणींना बजावून सांगितलं, तिला एक मत जाता कामा नये."

लोरीनने दाराची चौकट धरली.

"लोरीन म्हणजे मी."

वर्डीने विचारलं, "मग क्लेटन?"

"ज्युनियर."

"अगं बाई." वर्डीने केक या हातातून त्या हातात घेतला. "पण मग... घरातच राहिलं ना? तो काय आईच्या शब्दाबाहेर आहे? इस्पितळ होईलच की."

ट्रकमध्ये ऑस्करला उबळ आली. ती बराच वेळ थांबली नाही. दोघी तिकडे न बघता उभ्या राहिल्या.

"नाही होणार," लोरीन म्हणाली. "त्याच्यामागे कंपनीवाले आहेत."

वर्डीचा चेहरा हळूहळू बदलला. इतकी वर्षं ती या दारात येत होती, पण असा आवाज तिने कधी चढवला नव्हता.

"मग तुम्ही नाव कशाला बदललंत?"

"बदललं नाही गं. माझं नाव हेच आहे."

"आम्हाला काय ठाऊक!" वर्डी म्हणाली, आणि केक घेऊन ट्रककडे चालू लागली.