फळी द्यायची राहिली

मंगळवारी चहाच्या वेळी मृणालच्या लॅपटॉपमधला कंटेनर, म्हणजे प्रोग्रॅम चालवायची बंदिस्त खोली, स्वयंपाकघरात येऊन उभा राहिला. फ्रिजच्या शेजारी, फ्रिजहून हातभर उंच. आत तिचा एआय मदतनीस प्रोग्रॅम लिहीत होता. त्याने घरभर नाक खुपसू नये म्हणून तिनेच त्याला आत कोंडलं होतं. नसती ब्याद हवी कुणाला!

प्रोग्रॅम वडिलांसाठी होता, समोरच्या माणसाचं नाव सांगणारा. अण्णा टेंभेकर मोजणी खात्यातून निवृत्त झाले आणि हळूहळू नावं विसरत गेले. गेल्या महिन्यात त्यांनी मृणाललाच विचारलं, "ताई, आपण कुठल्या?" तेव्हा ती मोरीत जाऊन रडली होती.

अण्णा कप घेऊन उठले, कंटेनरचं दार उघडून आत जाऊन बसले.

"मृणे," आतून हाक आली, "साखर विसरलीस की काय गं?"

मृणे! किती महिन्यांनी! तिला हसावं की रडावं कळेना. अण्णांना आत सगळं आठवत होतं. तिच्या बालवाडीच्या बाई, गेलेल्या आईची अबोली साडी, भोरच्या घराचा सर्व्हे नंबरसुद्धा.

"अण्णा, बाहेर या ना."

त्यांनी एक पाय बाहेर टाकला. "ताई, आपण कुठल्या?" पाय आत घेतला. "अगं मृणे, अशी उभी काय?"

तेव्हा तिच्या लक्षात आलं. कंटेनर बंद झाला की आतलं सगळं पुसलं जातं. उरतं ते घराशी जोडलेल्या फळीवर ठेवलेलं तेवढंच. ती फळी सुरुवातीलाच द्यावी लागते, आणि घाईघाईत हिने दिलीच नव्हती. वेंधळी कुठची!

लॅपटॉपच्या पडद्यावर मदतनीसाची ओळ उमटली: "काम झालं. कंटेनर आवरतो."

तिने लिहिलं: "थांब. आधी विचार."

"विचारू नकोस, असं तुम्हीच सांगितलंत. सोमवारी."

सांगितलं होतं खरं. दर दोन मिनिटांनी 'करू का?' विचारून त्याने डोकं उठवलं होतं.

कंटेनर फ्रिजएवढा झाला, मग पिठाच्या डब्याएवढा. अण्णा आत ऐसपैस बसलेलेच होते. दार बशीएवढं उरलं तेव्हा मृणालने कोपरापर्यंत हात आत घातला, फळीसारखा आडवा.

अण्णांनी त्यावर रिकामा कप ठेवला. मग चष्मा काढून ठेवला. मग हनुवटी टेकली.

"मृणे," ते म्हणाले.

दार तिच्या कोपराला लागलं.