समुद्र दिसणारी खोली नको

"समुद्र दिसणारी खोली नको," धाकटीने फोनवर पुन्हा एकदा सांगितलं.

पलीकडचा लॉजवाला गोंधळला. "बाई, लोक भांडतात हो त्या खोल्यांसाठी. मागच्या बाजूला बर्फाचा कारखाना आहे. दिवसभर घरघर चालू असते."

"चालेल."

"आणि गावाची मोठी चौपाटी आमच्यापासून लांब पडते. तिकडे खडकांवर लाटा आपटतात, बघायला गर्दी होते. आमच्याकडचा किनारा म्हणजे नुसता सपाट."

"मग तर फारच छान," असं म्हणून तिने फोन ठेवला आणि अर्धवट राहिलेलं काज पुन्हा हातात घेतलं.

शर्टांना काजं करायची हे तिचं काम. दुकानातून गठ्ठा घरी यायचा, ती खिडकीशी बसून टाका घालायची, गाठ मारायची, दोरा दाताने तोडायची. आज प्रत्येक गाठ जरा जास्तच करकचून बसत होती.

कुलपं दुरुस्त करणारा तिचा नवरा दारात बसून एका जुन्या कुलपात तेल सोडत होता. त्याने मान वर केली. "वहिनीला समुद्रच हवाय ना? आणि तू तिला बर्फाचा कारखाना दाखवणार?"

"त्यांना दिसतंय कुठे आता?"

"असं बोलू नये गं."

"खरं तेच बोलले. डॉक्टरच म्हणाले, उजेड-अंधार तेवढा कळेल. मग खिडकीतून काय दिसतं त्याच्याशी काय करायचंय?"

नवऱ्याने पुन्हा कुलपात तेल सोडलं. त्याच्या थोरल्या भावाला जाऊन वर्ष झालं होतं. वहिनीची मुलं लांब, तीही फोनपुरती. साखरेने डोळे गेल्यावर वहिनीने आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्याकडे काही मागितलं होतं. एकदा समुद्रावर न्या. तो हो म्हणाला आणि बायको आता काय म्हणते या भीतीने घरी आला. ती म्हणाली, "मी बघते सगळं. तुम्ही मध्ये पडू नका." तेव्हापासून तो जास्तच घाबरला होता.

ही थोरली जाऊ दरवर्षी सुट्टीत समुद्रावर जायची. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्या धाकटीकडे. परत आली की थोरली दुसऱ्याच दिवशी यायची, सासूच्या खाटेच्या पायथ्याशी खुर्ची ओढून बसायची आणि सांगायला लागायची. सकाळचं पाणी कसं घासलेल्या भांड्यासारखं लखलखतं, दुपारी कसं डोळ्यांत खुपतं, ऊन उतरलं की कसं जांभळं पडतं. हात हवेत फिरवून लाट कशी येते ते दाखवायची. धाकटी तेव्हा सासूला कुशीवर वळवून खालची ओली चादर ओढत असायची. "तू एकदा यायलाच हवंस गं," थोरली शेवटी म्हणायची. आणि चादरीचं दुसरं टोक काही धरायची नाही.

सासूबाई गेल्या तेव्हाही थोरली समुद्रावरच होती. सगळं आटोपल्यावर दोघं नवराबायको उन्हाने रापलेले चेहरे घेऊन आले. निरोप वेळेवर मिळालाच नाही म्हणाले. धाकटीने तोही शब्द मुकाट्याने ऐकून घेतला होता.

आता मात्र पाळी तिची होती. तिने सगळं ठरवून टाकलं होतं. खोलीत बसल्याबसल्या वारा, लाटांचा आवाज असं काही फुकट मिळू द्यायचं नाही. थोरलीला थेट पाण्यासमोर नेऊन बसवायचं. शेजारी आपण बसायचं. मग ती विचारणार, कसा दिसतोय गं? तेव्हा तोंडातून शब्द काढायचा नाही. तिने विचारत राहावं, आर्जवं करावीत, आणि आपण समोरचं सगळंच्या सगळं एकटीने बघावं. इतकी वर्षं कानांनी गिळलेला समुद्र तिला असा परत करायचा. या विचाराने धाकटीला जेवण गोड लागत होतं.

निघण्याच्या आदल्या दिवशी थोरलीचा फोन आला. "वरच्या मजल्याची घेतलीस ना गं खोली? खिडकीत बसलं की वारा कसा सरळ अंगावर येतो."

"घेतली."

"आणि मला सांगशील ना सगळं? तुला कंटाळा येईल म्हणा. मी आपली सारखी विचारत बसेन."

"विचारा की," धाकटी म्हणाली. "विचारायला कोण नको म्हणतंय?"

फोन ठेवल्यावर नवरा म्हणाला, "तू सूड उगवतेयस."

"समुद्रावर नेतेय त्यांना. स्वतःचा गठ्ठा बाजूला ठेवून. याला सूड म्हणतात होय?"

"कुलूप कितीही गंजलेलं असो, कुठे अडलंय ते हाताला लागतं माझ्या," तो तेलकट बोटं पुसत म्हणाला. "तुझंच काही कळत नाही."

"नका लावू हात मग."

प्रवासात थोरली लहान मुलीसारखी बडबडत होती. पोचल्यावर खोलीतली घरघर ऐकून तिने विचारलं, "हा लाटांचा आवाज का गं?" नवऱ्याने बायकोकडे बघितलं आणि चहा सांगण्याच्या निमित्ताने पळ काढला.

धाकटीने थोरलीचा हात धरून तिला लॉजच्या पुढच्या अंगणात नेलं. किनाऱ्याच्या कडेला दोन खुर्च्या मांडून ठेवायला तिने आधीच सांगितलं होतं. पायऱ्या उतरताना थोरलीची बोटं तिच्या मनगटात रुतली होती. तिने तिला खुर्चीत बसवलं, स्वतः बसली, पदर सावरला आणि मान वर केली.

समोर समुद्र नव्हता.

नजर जाईल तिथपर्यंत काळपट चिखल पसरला होता. त्यात होड्या कलंडून पडल्या होत्या. एक कुत्रं निवांत चालत आरपार निघालं होतं. धाकटी बघतच राहिली. पहिल्यांदा तिच्या मनात आला तो लॉजवाला. खोलीतून दिसायला नको म्हटलं होतं मेल्या, समुद्रच नको असं कुठे म्हटलं होतं?

"कसा दिसतोय गं?" थोरलीने विचारलं.

"नाहीये," धाकटीच्या तोंडून निघून गेलं. गप्प राहायचं ती पार विसरली होती. "समुद्र नाहीये इथे."

थोरलीची मान तिच्याकडे वळली. मग हळूहळू खाली गेली.

"बरं," ती म्हणाली.

अहो, खरंच नाहीये, ओहोटी असेल, हे धाकटीच्या जिभेवर आलं होतं. शाळेत शिकलेला शब्द तिला तेवढ्यात आठवलाही होता. पण तिला थोरलीचा चेहरा दिसला. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली तो हाच चेहरा. तिने शब्द गिळला.

वारा वाहत होता. थोरली मांडीवरची बोटं एकमेकांत अडकवत, सोडवत होती.

"निरोप मिळाला होता आम्हाला," ती म्हणाली. "सासूबाईंचा. तेव्हाच मिळाला होता. हे निघू म्हणत होते. मीच म्हटलं, आता जाऊन काय करणार, दोन दिवस उरलेत तर राहू. सगळं तुझ्यावर टाकून राहिलो." मग म्हणाली, "नको सांगूस तू. मी नाही विचारणार."

धाकटीच्या अंगाची आग आग झाली. उठून काहीतरी ओरडावं, हिला इथेच बसवून निघून जावं.  पण ती तशीच समोर बघत बसून राहिली, चिखलाकडे.

मग चिखलात लांबवर एक चकाकती रेघ दिसली. रेघ जाड झाली, तिला फाटे फुटले, फाटे एकमेकांना मिळाले. एक होडी हळूच सरळ झाली. मग दुसरी. पाणी कुठलाही गाजावाजा न करता सगळ्या बाजूंनी आत येत होतं. ऊन उतरलं होतं, आणि जे काही समोर पसरत चाललं होतं त्याच्या रंगाला धाकटीकडे नाव नव्हतं. असं काही असतं हे तिला माहीत नव्हतं. ऐकून तरी कुठे कळलं होतं.

आता पाण्याचा आवाज येऊ लागला. थोरलीनेही तो ऐकला असणार, कारण तिची बोटं थांबली. धाकटीने तिच्याकडे पाहिलं. आता विचारेल. एवढ्यात विचारेल. आपण काय म्हणू ते तिला ठाऊक नव्हतं, पण तोंडात शब्द गोळा होऊन आले होते.

"माझी खुर्ची जरा वळवतेस?" थोरली म्हणाली. "डोळ्यांना वारा लागतोय."

धाकटी उठली. तिने खुर्ची धरून थोरलीला सावकाश रस्त्याकडे तोंड करून बसवलं. मग ती आपल्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. ही खुर्ची कुठल्या बाजूला वळवून ठेवावी, हे तिला बराच वेळ कळेना.