दोन टक्क्यांचा दलाल

लातूर जिल्हा झाला, कचेऱ्या आल्या; पाणी तेवढं गेलं. त्याच दुष्काळात गुरम्माबाईंना घर विकून नांदेडला लेकीकडे राहायला जायचं होतं, आणि दलाल निवडता निवडता त्यांची झोप उडाली होती. बिराजदार म्हणाला, "मावशी, तुमच्याकडून पैसाही नको." कादरभाई म्हणाले, "दोन टक्के. कमी न्हाई."

फुकटात राबणारा माणूस जेवतो कुठं, हे बाईंना कळेना. म्हणून त्यांनी अहमदपूरच्या धाकट्या दिराला, मलप्पाला, खोटं गिऱ्हाईक बनवून दोघांकडे धाडलं.

मलप्पा संध्याकाळी परतले. "वहिनी, बिराजदार म्हणतो, बाई एकटी हाय, घाईत हाय. अर्ध्या भावात मिळवून देतो, मला तेवढं खूश करा."

"आन् कादरभाई?"

"बोअर आटलंय, हे त्यांनी आधीच सांगून टाकलं. मग कलेक्टर कचेरी किती जवळ, भिंती किती जाड, सगळं सांगितलं. भावात मात्र रुपया सोडंनात."

बाईंचा जीव भांड्यात पडला. दलाल ठरला.

मलप्पा मात्र चुळबुळत उभेच. "वहिनी, घर मीच घ्यावं म्हणतो. लई पटवलं हो त्यांनी."

"अहो, तुम्ही खोटं गिऱ्हाईक!"

"ते बयाना दिल्यावर आठवलं."

खरेदीखताच्या दिवशी बाईंनी कादरभाईंना हसत दलाली दिली. शेजारीण हळहळली, "घरच्याच माणसाला विकलं, आन् वर दोन टक्के?"

"लातुरात घर घ्या म्हणून भावजींना मीच किती वर्षं सांगत होते," बाई म्हणाल्या. "फुकट सांगत होते, म्हणून कानात शिरलं न्हाई."