तानुबाईचं वजन

धुळाच्या मोटारीचा क्लच औंधला यमाईच्या डोंगरावर अर्ध्या चढणीत जळाला, तेव्हा करपट वास पार फलटणपर्यंत गेला म्हणे. तिथल्या बायकांनी घाबरून चुलीवरची दुधं उतरवली. आता एवढं काही नसेल, पण डोंगरावरच्या लोकांनी नाकाला पदर आणि टोप्या लावल्या, हे मात्र खरं.

मागच्या शिटावर तानुबाई, त्याची बायको, खणानारळाची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. पोराच्या दुखण्यात बोललेला नवस होता. पोरगा बरा होऊन पुण्याला नोकरीला लागला तरी तो फिटायचा राहिला होता. गुडघे गेल्यामुळं डोंगर चालून चढणं तिच्या हातात नव्हतं.

धुळानं बॉनेट उघडलं. धूर बघितला, गोळा झालेली माणसं बघितली आणि मोठ्यानं म्हणाला, "हिच्या वजनानं जळला बगा! लय दिस सांगतोय, जरा कमी जेव."

माणसं हसली. तानुबाई हसली नाही. पिशवी उचलून, दुखऱ्या गुडघ्यांनी ती तशीच डोंगर उतरायला लागली.

विट्याच्या फारूक मेस्त्रीनं क्लच खोलून जळकी प्लेट बाहेर काढली आणि विचारलं, "मामा, गाडी चालवताना डावा पाय कुटं असतो तुमचा?"

"पायाच्या जागी."

"न्हाई. क्लचवर असतो. सासुरवाडीच्या लोडावर टाकल्यागत. वजनानं न्हाई जळाली ही, पायानं जळाली."

धुळानं इकडं तिकडं बघितलं. "हे आमच्या घरात बोलू नगंस."

"मी कशाला बोलू? पण आता नवा हाय, तवर जपा. हजारभर किलोमीटर चढ नको, ओझं नको. नुसती गाडी थांबवायची, उचलायची, थांबवायची, उचलायची. प्लेट हळूहळू बसती आपल्या जागंला."

धुळाला पटलं. एकदा क्लच बसला, की बायकोला एका दमात यमाईच्या दारात न्यायचं. मग पायाचं काही बोलायलाच नको.

पण थांबायचं कुठं? आटपाडीपल्याडचा त्यांचा रस्ता असा, की सरडा मधोमध बसून दुपारची झोप काढून जातो. मग धुळा दिसेल त्याच्यापाशी थांबू लागला. शाळेची पोरं, टपालवाला, बकऱ्या घेऊन निघालेली म्हातारी. एकदा तर ज्वारीच्या रानातल्या बुजगावण्यापाशी गाडी उभी करून त्यानं "येतंय का?" म्हणून विचारलं. ते आलं नाही, हाच त्या दिवसांतला एकमेव नकार.

शेजारचा दादासो मात्र रोज यायचा. दादासो बसला की ओट्याचा दगड खचतो, अशी त्याची ख्याती. तो पेंडीचं पोतं घेऊन पुढं बसायचा, धुळाच्या थापांना माना डोलवायचा, आणि धुळाला ओझ्याची आठवण व्हायची नाही.

ती व्हायची तानुबाईनं विचारल्यावर. "आवं, मला बाजाराला सोडता का?"

"क्लच नवा हाय. ओझं नगं म्हनलाय मेस्त्री."

पुन्हा तिनं विचारलं नाही. सगळा तालुका त्या गाडीत बसून उतरला. तानुबाई पिशवी घेऊन फाट्यावर माणसं कोंबून नेणारी वडापची जीप धरायची.

एका मंगळवारी क्लच बसला. लोण्यात बोट घालावं तसा गिअर पडायला लागला. धुळानं गाडी धुतली, झेंडूची माळ घातली आणि बायकोला हाक मारली. घर बंद. ती फाट्यावर उभी होती, खणानारळाची पिशवी घेऊन.

गाडी तिच्यापुढं अशी थांबली, की टपावर झोपलेलं मांजरही जागं झालं नसतं. त्यानं दार उघडलं. "बस. यमाईला जाऊ."

"नगं. मी जाती वडापनं."

"आगं, क्लच बसलाय आता!"

"म्हनून तर नगं. परत जळंल. वजन हाय माजं."

दादासो आणि चारदोन माणसं चहाच्या गाड्यावरून बघत होती. 'माज्या पायानं जळला' हे एक वाक्य धुळाच्या तोंडात आलं होतं, अगदी दातांपाशी. त्यानं माणसांकडं बघितलं, आणि वाक्य बदललं.

"आता न्हाई जळायचा. आता पेलंल तुला."

गाड्यावर कुणीतरी फिसकलं. तानुबाईनं त्याच्याकडं असं बघितलं, जसं बंद घराकडं बघतात.

यमाईला जाणारी वडाप आली. आत आधीच बाजारभर माणसं. सिद्धू ड्रायव्हर ओरडला, "मावशी, फुडं या! ए, सरका रं, मावशीला जागा द्या." माणसं सरकली. ती पुढं बसली.

धुळा मागोमाग निघाला, रिकाम्या गाडीनं. मायणी गेली, औंध आलं, डोंगराची चढण लागली. पुढं वडाप कण्हत चालली होती, मागं धुळा चुकचुकत. पोरासोरांना सोडलं, त्या दादासोला सोडलं, आणि हिला... वळणावर जीप वर निघून गेली. काचेतून तानुबाईचा पदर दिसला. तिनं मागं बघितलं नाही.

मग वास आला. ओळखीचा.

धुळानं खाली बघितलं. डावा पाय क्लचवर निवांत पडला होता. गाडी अर्ध्या चढणीत थांबली. बॉनेटच्या फटीतून धूर निघाला. वरून उतरणारी माणसं जमली, नाकं धरून. एकानं विचारलं, "कशानं जळला ओ?"

धुळानं सवयीनं मागच्या शिटाकडं मान वळवली. तिथं कुणीच नव्हतं.