लोकरीच्या कॉलरचा भाऊ

...ओळ संपता संपता त्या आवाजात श्वास घेतल्याचं ऐकू यायचं—उंबरा ओलांडण्याआधी कुणी थबकावं तसं—आणि मग तो पुन्हा वर चढायचा, रेशमी, जरासा मिजासखोर, परळीच्या त्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये मावायचा नाही. सत्यशीलाच्या बोटांत जात्याचा खुंटा होता, आईच्या तळहातानं झिजून गुळगुळीत झालेला. त्याला हळकुंड-सुपारी बांधायचं काम तिच्याकडे आलं होतं, आणि पिवळ्या चिंधीची गाठ मारता मारता चाळीस वर्षांपूर्वीचा तो श्वास तिला ऐकू आला—भागवतदादाच्या टेपरेकॉर्डरमधला, त्या विलायती गायकाचा, डेस्मंड हार्करचा.

आज संस्कृतीची हळद. भागवतदादाची धाकटी. चौसाळ्याच्या या माहेरच्या अंगणात हळद दळताना पहिली ओवी नवरीच्या आत्यानं म्हणायची, हा घरचा रिवाज. आणि आत्या ही एकच. पण आज ती म्हणणार नव्हती. गळ्यातली गाठ काढल्यापासून, दोन वर्षं, ती गायलीच नव्हती. डॉक्टरांनी मनाई केलीय, असं तिनं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

डॉक्टरांनी मनाई केलीच नव्हती. गा की, म्हणाल्या होत्या त्या, अंबाजोगाईच्या दवाखान्यात, चष्मा पुसत—हळूहळू गा, आवाज जरा जाड राहील, पण तुमचाच राहील. तो जाडपणा मी एकदाच ऐकला, न्हाणीत, नळ मोठा सोडून. दुसऱ्याच कुणीतरी बाईनं माझ्या घरात भांडी हलवावीत तसा. आणि मग ते खोटं... किती सोपं निघालं ते! लोक लगेच मायेनं वागायला लागतात, कोमट पाणी आणून देतात.

"आत्या, तू टेन्शनच घेऊ नको," संस्कृती स्पीकर घेऊन आली, मेंदी पुसली जाणार नाही अशा बेतानं दोन मनगटांत धरून. "ताईच्या हळदीतला तुझा व्हिडिओ होता ना, त्यातल्या ओव्या काढून घेतल्यात मी. तू नुसता हात लाव जात्याला. आवाज तुझाच."

"म्हंजी सत्यशीला हितं बसल्याली, अन् गाणार त्यो डबा?" शेजारच्या वच्छलाबाईंनी पदर खोचला. "लई झाक! नवरदेवाला बी सांगा, तू येऊ नको, फोटो धाड."

बायका खिदळल्या. संस्कृतीही हसली. सत्यशीला हसली—हसायला आवाज पुरत होता.

मंडपाच्या दारात भागवतदादा आचाऱ्याशी हुज्जत घालत उभा. डोक्याला फेटा, आणि गळ्यात, या उन्हात, जांभळा रेशमी रुमाल, डेस्मंडसारखी एका बाजूला गाठ मारून. सहासष्ट वर्षांचा बाप्या! त्या रुमालानं तिला पुन्हा ओढून नेलं... वीजकेंद्रात नोकरी लागल्यावर दादानं पहिल्यांदा टेप घेतला, आणि एका बदली होऊन चाललेल्या इंजिनियरनं त्याला ती कॅसेट दिली. कव्हरवर तो उभा. मखमली कोट, उंच टाचांचे बूट, केस वाऱ्यानं नव्हे, स्वतःच्या मर्जीनं उडालेले. आई मेंढरं शेजाऱ्यावर सोपवून आठ दिवस राहायला आली होती. तिनं कव्हर उजेडात धरलं, कोटाच्या लोकरी कॉलरवर अंगठा फिरवला.

"भागवत, ह्यो आपल्यातला हाय."

"आई, विलायतेतला गवई हाय त्यो."

"मग? तिथं मेंढरं न्हाईत का? ही पहिल्या कातरणीची लोकर हाय. असली लोकर कुणी इकत न्हाई रं, घरच्या लेकराला घालत्यात. धनगराचंच पोर हाय."

झालं. त्या दिवसापासून तिला भाऊ मिळाला. दादा स्टेशनवरून इंग्रजी मासिकं आणायचा, डिक्शनरी मांडीवर घेऊन भावाची खबर सांगायचा—बाप कोळशाच्या खाणीत, आईनं पडदा कापून शिवलेला पहिला कोट, मग गर्दी, मग विमानं—आणि आई गावी परतली की पहाटे जात्यावर त्याची ओवी व्हायची:

सात समुंदराच्या पल्याड, कोण गातो भर बाजारी
लोकरीचा गळा त्याचा, भाऊ माझा धनगरी

मखमलीचा झगा याचा, टाच उंच गं बुटाची
देसमन माझ्या दादा, दृष्ट काढीते मिठाची

त्यानं तीन लग्नं केली, तेव्हा मात्र आईनं ओवी अडवली. "एक भावजय बास हाय मला," म्हणाली, आणि बाकीच्या दोघींना जात्याजवळ फिरकू दिलं नाही.

आई गेली तेव्हा तिच्या ओव्यांतला डेस्मंड तिशीतलाच राहिला. पुढचा डेस्मंड सत्यशीलानं एकटीनं पाहिला, ऑपरेशननंतर, मोबाइलवर, कानाला वायर लावून. त्याचाही गळा बिघडला होता. कार्यक्रमात जुनी टेप लावायची आणि यानं नुसते ओठ हलवायचे, असं एकदा झालं. मुलाखतीत तो म्हणत होता, त्या रात्री मी माझ्याच घरी पाहुणा म्हणून गेलो. मग गाणं सोडून कित्येक वर्षं गुलाबांची बाग. आणि मग सत्तरीत तो स्टुलावर बसून पुन्हा गायला—राखाडी सूट, खिशात जांभळा रुमाल, मिजास तश्शी—आणि आवाज खडीवरून बैलगाडी जावी तसा. ती किती वेळा ऐकत बसली होती. पण नवरा खोलीत आला की बंद करायची... जणू चोरून काही खातेय.

"कावून गप बसलीस गं?" दादा जवळ आला. "तुझ्या आवाजात सुरुवात होणार, मला बास हाय. मी पोरीला म्हणलंच, आत्याचाच आवाज पायजे."

त्याच्या डोळ्यांत पाणी की घाम... तिनं पाहिलं नाही. खुंटा धरला. समोरून वच्छलाबाईंनी धरला. संस्कृतीनं मूठभर हळकुंडाचे तुकडे जात्याच्या तोंडात सोडले आणि स्पीकरचं बटण दाबलं.

आणि ती आली—ती, पातळ, लखलखीत, जिला मी ओळखत होते. किती छान गायची ही बाई! असूया वाटावी इतकी. जातं फिरलं. पण पहिल्याच फेऱ्यात एक तुकडा अडकला, हात जड झाला, आणि ओवी मात्र पुढे निघून गेली. जात्यावर गाणारी हाताच्या ओढीनं गाते, हात अडला की अक्षर लांबवते, दम लागला की थांबते; ही डब्यातली थांबेना. दोघींचे हात तिच्यामागे धावू लागले, खुंटा हिसकला, बांगड्या एकमेकींवर आपटल्या.

"आगं थांब म्हणा की तिला!" वच्छलाबाई ओरडल्या. "दळू दे की आमाला!"

हशा उसळला. सत्यशीलालाही खरोखरचं हसू आलं, पोटातून—आणि त्या हसण्याच्या तळाशी तो जाड, खरखरीत सूर वाजला, तिचाच, आणि तिला तो परका वाटला नाही. बावळट दिसेन. दिसू दे. दादाचा चेहरा पडेल का? पडू दे. जातं थांबलं होतं, ती लखलखीत बाई अजून एकटीच गात होती, कुणाच्याही हाताशिवाय, आणि सत्यशीलाला तिची दया आली.

"संस्कृती, बंद कर गं ते," ती म्हणाली. "दादा, ऐक... डॉक्टरांनी गाऊ नको म्हटलंच नव्हतं. गा म्हणाल्या होत्या. मीच भ्याले." तिनं खुंट्यावरची मूठ आवळली आणि ओवीआधीचा श्वास घेतला.